रिचार्ज न करणाऱ्या बाईला विचारलेले प्रश्न

गेल्या अंकात काटकसरीबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले, की गेले एकोणीस महिने माझ्या मोबाइलवर महिन्याचा प्लॅन नाही. एवढंच, एक वाक्य. आठ वर्षं हे सदर लिहितेय, पण एका वाक्यावर इतकी पत्रं कधी आली नव्हती. कोणाला पद्धत हवी आहे, कोणाला कारण, आणि दोघातिघांना मी थापा मारतेय असं वाटतंय. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकते.

आधी एक सांगते. मी तंत्रज्ञ नाही, मुद्रितशोधक आहे. बारीक टाइपातलं वाचायची वाईट सवय लागलेली आहे. 'अमर्याद' या शब्दाच्या डोक्यावर चांदणी दिसली, की ती चांदणी तळाशी कुठे उतरलीय हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे सगळं तिथूनच सुरू झालं.

प्रश्न : प्लॅन नाही म्हणजे फोन आहे पण लागत नाही, असं का? नीट उलगडून सांगा. मी घरी शिवणकाम करते. दिवसाला वीसेक फोन येतात, ते बंद झाले तर कामच बंद. — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, फोन आहे आणि तो लागतोही.

दर महिन्याला आपण बोलण्याचे पैसे भरतो असं मलाही वाटायचं. मग मी एक आठवडा वही ठेवली. तीन रकाने : कोणाचा फोन, किती मिनिटं, आणि त्या वेळी मी कुठे होते. तिसरा रकाना महत्त्वाचा. सात दिवसांत ६३ फोन झाले. त्यातले ५१ मी घरी टेबलाशी बसलेली असताना, राउटरपासून चार हातांवर. ७ प्रेसमध्ये, तिथेही वायफाय आहे. उरले ५. त्या पाचांतले तीन 'निघालीस का', 'निघाले', 'पोचतेच' या घराण्यातले, एक राँग नंबर, आणि एक खरोखर कामाचा : पान १७ वरची एक ओळ गळली होती. म्हणजे त्या गळलेल्या ओळीसाठी मी महिनाभराचा प्लॅन भरत होते. तो भरला नसता तर फार तर काय झालं असतं? मी चाळीस मिनिटांनी प्रेसमध्ये पोचले असते आणि ओळ तेव्हा लागली असती.

आता माझी व्यवस्था अशी. घरचं इंटरनेट कामासाठी लागतंच, ते आहे. फोनमध्ये इंटरनेटवरून बोलायची दोन ॲप आहेत. त्याच ॲपवर असलेल्या माणसांशी बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत. ज्यांच्याकडे ॲप नाही, म्हणजे लँडलाइनवाले, बटणांच्या फोनवाले, त्यांच्यासाठी इंटरनेटवरून साध्या नंबराला फोन जोडून देणारी सेवा असते. तिथे थोडी रक्कम आधी भरून ठेवायची, ती मिनिटागणिक कापली जाते. माझी एकदा भरलेली रक्कम पाच महिने पुरली. कारण काय, तर पैसे मिनिटाला कापले जातात हे डोळ्यांसमोर असलं की माणूस मुद्द्याचं बोलतो. आणि माझा मोबाइल नंबर? तो 'वापराल तेवढंच भरा' अशा खात्यावर ठेवलाय. सिम फोनमध्येच आहे, मोबाइल डेटा मात्र कायमचा बंद. सगळं धरून पूर्वीच्या खर्चाचा साधारण सहावा हिस्सा जातो.

इथे एक गोंधळ हमखास होतो. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. ती सेवा तुमच्या मोबाइल कंपनीचीच असते. टॉवरची रेंज नसेल तिथे ती तुमचा नेहमीचा फोन वायफायवरून नेते, आणि त्यासाठी तुमचं खातं जिवंत लागतं. ॲपवरून केलेल्या फोनला सिमची गरज नसते. नावं सारखी आहेत, पैसे वेगळ्या खिशातून जातात.

तुमचं गणित माझ्याहून वेगळं आहे, कारण तुमचे वीस फोन येणारे आहेत आणि ते गिऱ्हाइकांचे आहेत. गिऱ्हाईक तुमच्यासाठी ॲप घेणार नाही. अनेक देशांत येणाऱ्या फोनला काही पडत नाही, खातं चालू असलं की झालं. पण अमेरिकेत 'वापराल तेवढं भरा' खात्यावर येणाऱ्या फोनचीही मिनिटं कापली जातात. तुमच्या कंपनीचा नियम काय आहे, ते आधी विचारा. येणारा फोन फुकट असेल, तर तुम्हाला प्लॅनची गरज माझ्याहूनही कमी आहे. नसेल, तर वीस फोन गुणिले मिनिटं गुणिले दर हा गुणाकार कागदावर करा. तो प्लॅनच्या वर गेला, तर आहे तो प्लॅन बरा.

आणि काही करायच्या आधी आठवडाभर वही ठेवा. माझे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत.

प्रश्न : सिम काढून फेकलं तर बँकेचे ओटीपी कुठे येणार? माझं सगळं त्या एका नंबरावर आहे. — एक निवृत्त कारकून

उत्तर : फेकू नका! प्लॅन सोडायचा, नंबर सोडायचा नाही. हे मी ठेच लागून शिकले, आणि ती ठेच सांगण्यासारखी आहे.

पहिल्या उत्साहात मी सिम काढून टेबलाच्या खणात टाकलं. तिथे खोडरबर, पिना, जुन्या पेनांची टोपणं असा संसार आहे, त्यात ते गडप झालं. आपलं सगळं वायफायवर छान चाललंय, सिमची आठवण कशाला येतेय? मग एक दिवस बँकेच्या पानावर 'आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर कोड पाठवला आहे' असं आलं आणि शेजारी सेकंद उलटे मोजले जाऊ लागले. मी खण उपसला, टोपणांतून सिम शोधलं, सुईने फोनची खाच उघडली, सिम बसवलं. पडद्यावर कोपऱ्यात : सेवा नाही. पुष्कळ दिवस वापर नाही म्हणून कंपनीने खातं बंद करून नंबर परत घेतला होता. सूचना पाठवली होती म्हणे. कुठे? त्याच नंबरावर, एसएमएसने.

बँकेत नवा नंबर लागेपर्यंत कागदपत्रं घेऊन फिरण्यात नऊ दिवस गेले. त्याहून मजा पुढे. काही महिन्यांनी माझ्या भाचीने सवयीने जुन्या नंबरावर मेसेज टाकला : 'मावशी, निकाल लागला, पास!' उलट टपाली उत्तर आलं : 'अभिनंदन. पण मी मावशी नाही, काका आहे.' माणूस सज्जन निघाला. पण विचार करा, त्या काकांच्या फोनवर माझ्या कुठल्या कुठल्या खात्यांचे कोड जाऊन पडले असतील. सोडलेला नंबर काही काळ मोकळा ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात. ही चूक नाही, जगभरची रीतच आहे, कारण आकडे मोजकेच असतात.

म्हणून क्रम असा ठेवा. नंबर सगळ्यात स्वस्त खात्यावर हलवा. तुमच्या कंपनीकडे तसं खातं नसेल, तर नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जाण्याची सोय बऱ्याच देशांत आहे. खातं किती दिवसांत मरतं आणि जिवंत ठेवायला काय लागतं, एक फोन की थोडा बॅलन्स, हे लेखी विचारून घ्या. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. फोनमध्ये लिहिलेली तारीख मी तरी बघत नाही.

दुसरं, शक्य तिथे ओटीपीचा एसएमएसच टाळा. कोड बनवणारी ॲप असतात, त्यात दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकड्यांचा कोड दिसतो. तो कुठून 'येत' नाही. खातं जोडताना दिलेली एक गुप्त किल्ली आणि फोनमधलं घड्याळ यांच्यावरून फोन तो स्वतःच काढतो, आणि समोरचा संगणक त्याच दोन गोष्टींवरून तोच आकडा काढतो. दोन्ही जुळले की दार उघडतं. ही पद्धत २०११ पासून प्रमाणित आहे. रेंज नको, वायफाय नको, तळघरातसुद्धा चालते. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. माझं एकदा चार मिनिटं पुढे गेलं होतं आणि सगळे कोड चुकीचे ठरत होते, तासभर मी स्वतःच्या टायपिंगवर संशय घेत बसले. खातं जोडताना ते लोक काही राखीव कोडही देतात. ते कागदावर उतरवा आणि कागद फोनच्या कव्हरात ठेवू नका. फोन गेला की तोही गेला.

बँका या बाबतीत हट्टी असतात, काहींना एसएमएसच लागतो. इंटरनेटवर मिळणारे नंबर त्यांना चालतीलच असंही नाही. पुष्कळ ठिकाणी तो नंबर 'खरा मोबाइल नाही' हे ओळखून कोड पाठवतच नाहीत. म्हणून ते सिम सांभाळायचं. व्हॉट्सॲपचंही लक्षात ठेवा : नोंदणीला नंबर लागतो, मग ते वायफायवर चालत राहतं, पण १२० दिवस उघडलंच नाही तर सहसा खातं पुसलं जातं.

प्रश्न : एका तासाच्या कॉलला किती डेटा जातो? मुलगा म्हणतो भरपूर. — एक आजी

उत्तर : आजी, नातवाचा व्हिडिओ बघत बोललात तर भरपूर. नुसतं बोललात तर नाही. जुन्या टेलिफोनच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो. आवाज लहान लहान तुकडे करून पाकिटांत घालून पाठवतात, त्या पाकिटांचं वजन धरून आणि दोन्ही बाजू मिळून मिनिटाला सव्वा एमबीच्या आसपास. तास झाला तरी शंभर एमबीच्या आत. २०१२ पासून ओपस नावाची आवाज दाबून पाठवायची पद्धत आली आहे. ती गरज पडली तर ६ किलोबिटवरही बोलणं पोचवते, त्यामुळे बहुधा याहून कमीच लागतो.

आवाज तुटतो तो डेटा कमी पडतो म्हणून नव्हे, तर पाकिटं एका लयीत पोचत नाहीत म्हणून. कोणी शेजारच्या खोलीत सिनेमा डाउनलोड करत असेल, तर त्याला दहा मिनिटं थांबव म्हणा. आणि राउटर कपाटाच्या आत ठेवू नका. खरंच ठेवतात लोक.

प्रश्न : रात्री-अपरात्री काही झालं तर? तुम्ही लोकांना धोक्यात घालताय. — एक काळजीवाहू वाचक

उत्तर : हा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळा स्वतःला विचारला आहे, त्यामुळे राग आला नाही.

सिम नसलेल्या फोनवरूनही तातडीचा नंबर लावता येतो असं सर्रास ऐकायला मिळतं. ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत मोबाइल कंपन्यांना ९११ चा फोन पुढे द्यावाच लागतो, प्लॅन असो वा नसो. पण प्लॅन नसलेल्या फोनवर मधेच लाइन तुटली तर त्यांना तुम्हाला उलटा फोन लावता येत नाही. जर्मनीत २००९ पर्यंत सिमशिवाय ११२ लागायचा. खोड्या काढणारे फोन एवढे वाढले, की तेव्हापासून चालू सिम असल्याशिवाय लागत नाही. ब्रिटनमध्येही सिम हवंच. म्हणजे ऐकीव माहितीवर विसंबायचं हे काम नाही. तुमच्या देशाचा नियम शोधून वाचा. नंबर लावून बघू नका, पलीकडे खरं कोणी तरी वाट बघत असतं.

खणातला जुना फोन 'अडीअडचणीला असू दे' म्हणून ठेवलेला असतो, त्याचंही तेच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपलं ३जी जाळं बंद केलं. त्या जाळ्यावर बोलणारे फोन त्या दिवसापासून पेपरवेट झाले. तुमचा जुना फोन आज कुठल्या जाळ्याला जोडला जातो, ते तपासा.

ॲपवरच्या कॉलमधून तातडीची सेवा बऱ्याचदा लागतच नाही. लागली तरी तुम्ही कुठे आहात हे त्यांना आपोआप कळेल याची खात्री नसते, पत्ता तोंडाने सांगावा लागतो. आणि वीज गेली की राउटर गेला, राउटर गेला की माझा फोन नुसता घड्याळ. जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनचं मला याच गोष्टीचं कौतुक वाटतं : तिला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच तारेवाटे यायची, साधारण ४८ व्होल्ट, तिकडे बॅटऱ्यांच्या रांगा असायच्या. घरात काळोख, पण फोन वाजतोय! फायबरच्या तारेतून वीज येत नाही. मी राउटरला छोटी बॅटरी जोडली आहे, अडीच तास निघतात.

माझं वय, प्रकृती, राहणं या सगळ्याला हे पुरतं. घरात हृदयविकाराचं माणूस असेल, लहान मूल असेल, तुम्ही रात्री एकट्याने गाडी चालवत असाल, तर यातलं काही करू नका. सगळ्यात लहान प्लॅन घ्या आणि बचत दुसरीकडे शोधा. सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही, आई आजारी होती ते सात आठवडे मीही प्लॅन घेतला होता. एकोणीस महिन्यांत तो धरलेला नाही, हे कबूल करते.

प्रश्न : मावशी, बाहेर पडल्यावर रस्ता कसा शोधतेस? आणि मित्र कंजूष म्हणतात, त्यांना काय सांगू? — कॉलेजातला एक मुलगा

उत्तर : अरे, रस्ता दाखवणारे उपग्रह वीस हजार किलोमीटर वरून सगळ्यांसाठी बोलत असतात, तुझा फोन नुसता ऐकतो. त्याला डेटा लागत नाही. डेटा लागतो नकाशाच्या चित्राला. ते चित्र घरून निघताना उतरवून घे. एवढंच, की इंटरनेट असलं की 'उपग्रह आत्ता कुठे आहेत' हे फोनला आयतं कळतं. नसलं की ते उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं, आणि उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट सांगतो. इतक्या सावकाश तर आमच्या प्रेसमधले आजोबाही प्रूफ वाचत नाहीत. तेव्हा उघड्या आभाळाखाली अर्धाएक मिनिट उभा राहा, निळा ठिपका येतो. मी पहिल्यांदा एका इमारतीच्या पोर्चमध्ये उभी राहून फोनला शिव्या देत होते. दोन पावलं पुढे आले आणि ठिपका आला.

मित्रांचं म्हणशील, तर आधी एक सांग. बाहेर गेलास की 'जरा हॉटस्पॉट दे ना' म्हणतोस का? म्हणत असशील तर ते बरोबर बोलतायत. स्वतःचा प्लॅन सोडायचा आणि दुसऱ्याच्या प्लॅनवर जगायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. मी नियम केलाय : बाहेर असताना नाही म्हणजे नाही. पहिले दोन आठवडे हात सारखा पिशवीत जायचा.

फुकटच्या वायफायवर बँक उघडू नकोस. नाव ओळखीचं दिसलं तरी. ते नाव कोणीही देऊ शकतं.

प्रश्न : दात कोरून पोट भरतं का? प्लॅन काही एवढे महाग नसतात. हा सगळा खटाटोप वेळ घालवण्याचा धंदा आहे. — एक स्पष्टवक्ता

उत्तर : काही जणांच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. जिथे प्लॅन मुळातच स्वस्त आणि इंटरनेट महाग, तिथे तर उलटंच होईल. फक्त फोनची बचत करायची म्हणून घरी नवं इंटरनेट घेणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांचा खर्च दुप्पट झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांचा हँडसेट प्लॅनबरोबर हप्त्यावर आहे, त्यांनी मुदत संपेपर्यंत हलू नये. मधेच सोडलं तर उरलेले हप्ते एकदम मागतात. ते तळाशी लिहिलेलं असतं, चांदणीखाली.

पण एका घरात चार प्लॅन असतात आणि त्यातली दोन माणसं घराबाहेर क्वचित पडतात, तिथे? तिथे दात नाही कोरत, पूर्ण ताट वाचतं. शिवाय मधला मार्ग आहे. मोठ्या कंपन्यांचे टॉवर भाड्याने घेऊन स्वतःच्या नावाने सेवा विकणाऱ्या छोट्या कंपन्या अनेक देशांत आहेत. ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाइलने १९९९ मध्ये हे सुरू केलं. टॉवर तोच, बिल कमी. मात्र गर्दीच्या वेळी अशा गिऱ्हाइकांचा डेटा रांगेत मागे ठेवला जाऊ शकतो, हे आधी वाचून घ्या.

वेळेचं म्हणाल, तर पहिला महिना खरंच डोकेदुखीचा गेला. आता महिन्याला दहा मिनिटंही जात नाहीत.

प्रश्न : ॲपच बंद पडलं तर? — एक वाचक

उत्तर : पडतात. स्काइप २००३ मध्ये आलं, एके काळी परदेशी फोन करणं म्हणजे स्काइप करणं असं होतं, आणि मे २०२५ मध्ये ते बंद झालं. माझी तिथे भरलेली थोडी रक्कम होती, ती मी संपवत आणली. म्हणून दोन ॲप ठेवते, पैसे थोडे थोडे भरते, आणि महत्त्वाचे अठरा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर शाईने लिहिलेले आहेत.

प्रश्न : 'वापराल तेवढं भरा' घेतलं आणि मराठीत मेसेज टाकले, तर एका मेसेजचे तीन मेसेज कापले. ही लबाडी नाही का? — एक शिक्षिका

उत्तर : बाई, हा प्रश्न माझ्या धंद्यातला. लबाडी नाही, पण आपल्यावर अन्याय आहे खरा.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, एक बाइट म्हणजे आठ बिट. रोमन अक्षरं सात-सात बिटांत बसतात, म्हणून १६०. देवनागरी सहसा दोन-दोन बाइट घेते, म्हणून ७०. सगळा मजकूर रोमन आणि एकच शब्द देवनागरी असला, तरी अख्ख्या मेसेजला ७० चा नियम लागतो. आणि मेसेज लांबला की तुकडे जोडायला जागा लागते, मग तुकड्यागणिक ६७ च.

त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्ष' दिसायला एक, मोजायला तीन : क, पाय मोडल्याची खूण, ष. 'श्री' चार. 'पोचले. काळजी नको.' हे टिंबं आणि मोकळ्या जागा धरून १७. मी मोजलंय. त्याऐवजी 'आदरणीय श्री' असं सुरू केलंत तर मुद्द्यावर येण्याआधी अकराची जागा गेली. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घ चुकवायला सांगणार नाही. वायफायवर असताना ॲपवर लिहा, तिथे अक्षरं मोजत नाहीत. एसएमएस फक्त बाहेर असताना, आणि तोही सतराच्या आसपास.

प्रश्न : तुमच्याशी फोनवर बोलायचं होतं. नंबर मिळेल का? — बरेच जण

उत्तर : पत्र लिहा, उत्तर देते. ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांच्यासाठी : सकाळी अकरा ते साडेबारा मी प्रुफं घेऊन वाटेत असते, तेव्हा मी फोन बघत नाही. साडेबारानंतर कधीही. पहिल्या दोन रिंगमध्ये उचलला नाही तर ठेवू नका, चश्मा शोधत असते.